कुलूप झालं, मोर्तब कुठंय?

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर तपासायला बसलो होतो. डेटाबेसमध्ये ‘शिल्लक’ या रकान्यात आकड्यांऐवजी अगम्य अक्षरांच्या माळा दिसत होत्या. सॉफ्टवेअर लिहिणारा तरुण अभिमानानं म्हणाला, “सर, एईएस-256 आहे. कुणाच्या बापाला वाचता येणार नाही.” खरंच येत नव्हतं. मी चाचणीच्या डेटाबेसमधल्या एका गलेलठ्ठ खात्याची माळ उचलली आणि जेमतेम 300 रुपये असलेल्या दुसऱ्या खात्याच्या ओळीत चिकटवली. स्क्रीन रिफ्रेश केला. तीनशेवाला खातेदार लखपती झाला होता. किल्लीला माझा हातही लागला नव्हता.

वाचता न येणं आणि बदलता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एन्क्रिप्शन पहिली देतं, दुसरी आपोआप देत नाही. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात हा भेद पक्का होता. शिवाजी महाराजांच्या पत्रात माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथं ‘मर्यादेयं विराजते’ असा छोटा शिक्का असे. म्हणजे लेखनाची सीमा इथं झाली. याखाली कुणी चार ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नव्हेत. ते पत्र गुप्त असेलच असं नाही, वाचणारा खुशाल वाचो. पण त्यात भर घालायची सोय नव्हती. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो; सॉफ्टवेअर लिहिताना नेमका तोच विसरतो.

कुलूप असूनही फेरफार कसा होतो, हे एका आकड्यावर बघा. संगणकात ‘1’ हे अक्षर 00110001 असं साठवलं जातं आणि ‘9’ हे 00111001 असं. फरक फक्त एका बिटाचा. सीटीआर नावाच्या पद्धतीत एईएस बिट्सची एक यादृच्छिक दिसणारी साखळी तयार करतं आणि ती मूळ मजकुराशी एक्सॉर केली जाते. त्यामुळे बंद मजकुरातला एक बिट उलटा केला की उघडलेल्या मजकुरातला नेमका तोच बिट उलटा होतो. ‘रक्कम’ कुठल्या बाइटपासून सुरू होते एवढं ठाऊक असलं की 10,000 चे 90,000 करायला किल्ली लागत नाही, एईएस फोडावं लागत नाही. आणि उघडणारा प्रोग्राम कसलीच तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सगळं सुरळीत असतं.

‘आम्ही एईएस वापरतो’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. एईएस एका वेळी 16 बाइट्सचा ठोकळा घेतं आणि दुसरा ठोकळा देतं, बस. हे ठोकळे कसे जोडायचे ते ‘मोड’ ठरवतो आणि घोळ तिथंच होतात. सगळ्यात वाईट मोड ईसीबी. त्यात सारखा ठोकळा दिला की दर वेळी सारखंच उत्तर येतं. अडोबी कंपनीकडून 2013 मध्ये 15 कोटींहून जास्त खात्यांची माहिती बाहेर पडली, तेव्हा पासवर्ड ट्रिपल-डेस वापरून ईसीबीमध्ये बंद केलेले होते आणि शेजारी खातेदारांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. सारख्या पासवर्डची माळ सारखीच. मग एकाच माळेसमोरच्या शे-दोनशे खुणा वाचल्या की शब्दकोडं सुटावं तसा पासवर्ड सुटायचा. किल्ली कुणाला मिळालीच नाही. गरजही पडली नाही. (पासवर्ड मुळात एन्क्रिप्ट करायचेच नसतात, पण ते पुढे.) जावात नुसतं ‘एईएस’ एवढंच मागितलं तर नेहमीच्या जावाकडून ईसीबीच हातात पडतं. कोडमध्ये ते एकदा शोधून बघाच.

सीबीसी मोड ईसीबीपेक्षा बरा, पण मोर्तब त्यातही नाही. शिवाय सीबीसीत शेवटचा ठोकळा भरून काढण्यासाठी पॅडिंग घालावं लागतं. उघडताना ‘पॅडिंग चुकलं’ आणि ‘मजकूर चुकला’ असे दोन वेगळे निरोप सर्व्हरनं दिले, तर त्या फरकावरून हल्लेखोर एकेक बाइट ओळखत सगळा मजकूर वाचू शकतो. सर्ज व्होदने यांनी हे 2002 मध्ये दाखवून दिलं. 2014 चा ‘पूडल’ हल्ला त्याच घराण्यातला. फेरफार ओळखता येत नसला की शेवटी गुप्तताही जाते, हे या प्रकरणानं शिकवलं.

मग मोर्तब कसं करायचं? पहिली फसवी वाट चेकसमची. वायफायच्या जुन्या वेप पद्धतीत फेरफार ओळखण्यासाठी सीआरसी-32 ठेवलं होतं. तारेवरच्या खरखरीनं झालेली चूक सीआरसी उत्तम पकडतं. माणसानं ठरवून केलेला बदल पकडायला ते बनलेलंच नाही. बिट बदलणारा तोच हिशेब करून सीआरसीही बदलून टाकतो. फाइलशेजारी तिचा एमडी5 किंवा शा-256 ठेवणं हेही तसंच, कारण फाइल बदलणारा हॅशही नव्यानं काढतो. दुसरी फसवी वाट म्हणजे गुप्त शब्द आणि मजकूर एकापुढे एक ठेवून त्यांचा हॅश काढणं. फ्लिकरनं असं केलं होतं. 2009 मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की गुप्त शब्द माहीत नसतानाही मजकुराच्या शेपटीला भर घालून नवा बरोबर हॅश काढता येतो. ‘मर्यादेयं विराजते’ नसलेलं पत्र!

खरी वाट एचमॅकची. 1996 मध्ये बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी ती मांडली. त्यात किल्ली हॅशमध्ये दोनदा, आत आणि बाहेर, गुंफलेली असते. एन्क्रिप्शनबरोबर एचमॅक वापरायचा तर क्रम असा: आधी मजकूर बंद करा, मग त्या बंद मजकुरावर वेगळ्या किल्लीनं एचमॅक काढा. उघडताना आधी एचमॅक तपासा आणि तो जुळला नाही तर पुढे पाऊलही टाकू नका. उलट क्रमात दार उघडून पाहुणा घरात घेतल्यावर ओळखपत्र मागण्यासारखं होतं.

हे सगळं सांगितलं, पण हाताने जोडायला सांगत नाहीये. आता कुलूप आणि मोर्तब एकत्रच मिळतं. एईएस-जीसीएम किंवा चाचा20-पॉली1305, दोन्हींपैकी कुठलंही घ्या. दोन्हींत बंद मजकुराबरोबर 16 बाइट्सचा टॅग येतो आणि एकही बिट हलला तर उघडण्याची क्रिया सरळ नकार देते. त्यातही शक्य असेल तर एक पायरी वर चढा: लिबसोडियमचा सीक्रेटबॉक्स, गूगलचं टिंक, पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीतलं फर्नेट. फर्नेट आतून एईएस-128, सीबीसी आणि एचमॅकच वापरतं, पण योग्य क्रमानं, आणि तुम्हाला मोड निवडायला देतच नाही. मला हा न देण्याचा गुण फार मोलाचा वाटतो. पीएचपीवाल्यांना तर 7.2 पासून सोडियम भाषेसोबतच मिळतं.

आता जीसीएम वापरणाऱ्यांसाठी जरा थांबतो, कारण इथं एक खड्डा आहे आणि त्यात शहाणी माणसंही पडली आहेत. जीसीएमला दर वेळी 12 बाइट्सचा एक नॉन्स द्यावा लागतो. तो गुप्त नसतो, बंद मजकुराच्या पुढे तसाच चिकटवून ठेवतात. अट एकच, एका किल्लीखाली तो पुन्हा कधीही यायचा नाही. एकदा जरी आला तरी दोन मजकुरांचा एक्सॉर हल्लेखोराच्या हातात पडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मोर्तब करणारी आतली किल्लीच गणितानं काढता येते. पुढे तो हवी तितकी खोटी पत्रं मोर्तब करून पाठवू शकतो. 2016 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरचे एचटीटीपीएस सर्व्हर चाळले, तेव्हा 184 सर्व्हर नॉन्स पुन्हा वापरताना सापडले.

याहून बोलकी गोष्ट टारस्नॅपची. ही एक बॅकअप सेवा. ती लिहिणारा कॉलिन पर्सिव्हल म्हणजे ‘स्क्रिप्ट’ (scrypt) या पद्धतीचा कर्ता, फ्रीबीएसडीचा सुरक्षा अधिकारी राहिलेला, या विषयातला जाणकार. त्यानं एकदा सीटीआरचा कोड नीटनेटका करून वेगळ्या फाइलमध्ये हलवला, आणि त्या हलवाहलवीत नॉन्स एकानं वाढवणारी खूण गळून पडली. अनेक आवृत्त्या तशाच गेल्या. 2011 च्या जानेवारीत एका वापरकर्त्यानं कोड वाचताना ते पकडलं. इतके दिवस कळलं का नाही? कारण सगळं चालत होतं. बॅकअप जात होता, परत येत होता, मजकूर बिनचूक उघडत होता. नॉन्स कोणताही असो, बंद करताना आणि उघडताना तोच असला की झालं. एन्क्रिप्शनमधल्या चुका गप्प असतात. ‘चालतंय ना’ हा आपल्या धंद्यातला लाडका पुरावा इथं बिनकामाचा.

नॉन्ससाठी माझा सल्ला साधा आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित यादृच्छिक स्रोताकडून तो दर वेळी ताजा घ्या. चालू वेळ, रेकॉर्डचा क्रमांक, सर्व्हर पुन्हा सुरू झाला की शून्यावर येणारा काउंटर, यातलं काही नको. 12 बाइट्सच्या यादृच्छिक नॉन्सला एका किल्लीखाली 2 चा 32 वा घात, म्हणजे सुमारे 429 कोटी संदेश, ही अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं घातलेली मर्यादा आहे. गावच्या पतसंस्थेला ती जन्मभर पुरेल, एखाद्या पेमेंट कंपनीला कदाचित वर्षभरही पुरणार नाही. तिथं एक्सचाचा20-पॉली1305 घ्यावं. त्याचा नॉन्स 24 बाइट्सचा असल्यानं ही मोजदादच करावी लागत नाही. साधं रँडम फंक्शन मात्र कुठंही चालणार नाही, किल्लीसाठी तर नाहीच. डेबियनमध्ये यादृच्छिकतेचा स्रोत चुकून जवळपास बंद झाला होता. 2008 मध्ये ते उघड झालं, तेव्हा एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जेमतेम 32,768 किल्ल्या शक्य होत्या. कुलूप भक्कम, पण किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांना पाठ.

पतसंस्थेकडे परत येतो. त्या तरुणानं माझं ऐकून जीसीएम लावलं. मी पुन्हा माळ उचलली, तीनशेवाल्याच्या ओळीत चिकटवली, आणि माणूस पुन्हा लखपती. तो चक्रावला. पण यात जीसीएमची चूक नाही. नॉन्स, मजकूर आणि टॅग हे पुडकं मी अखंड उचललं होतं, किल्ली सगळ्या ओळींना एकच, मग टॅग जुळणारच. मोर्तब खरं होतं. फक्त पत्रावर पत्ता नव्हता.

तो पत्ता घालायची सोय या पद्धतींत असते. तिला एएडी म्हणतात: सोबतची अशी माहिती जी बंद केली जात नाही, वेगळी साठवावी लागतेच असंही नाही, पण टॅग काढताना हिशेबात धरली जाते. तिथं तक्त्याचं नाव, रकान्याचं नाव आणि खाते क्रमांक द्यायचा. उघडताना प्रोग्रामनं तीच माहिती आपल्या जागेवरून पुन्हा द्यायची. 117 क्रमांकाच्या खात्याचं पुडकं 342 मध्ये नेलं की टॅग जुळत नाही. तीन-चार ओळींचं काम आहे, पण मी तपासलेल्या कोडांपैकी फार थोड्यांत ते दिसलं. या तीन गोष्टी एकामागे एक नुसत्या चिकटवू नका. ‘1’ आणि ‘17’, ‘11’ आणि ‘7’ हे जोडले की सारखेच दिसतात. मध्ये लांबी लिहा किंवा ठरलेला साचा वापरा.

लायब्ररी चांगली निवडली तरी तिचा दस्तऐवज वाचा. पायक्रिप्टोडोममध्ये जीसीएम नुसतं उघडणारं एक फंक्शन आहे आणि उघडून टॅगही तपासणारं दुसरं. पहिलं वापरलं तर मोर्तब बघितलंच जात नाही. पीएचपीच्या ओपनएसएसएल फंक्शनमध्ये टॅगची लांबी तपासणं वापरणाऱ्यावर सोडलेलं आहे. कुणी 16 ऐवजी एकाच बाइटचा टॅग पाठवला आणि तुम्ही तो घेतलात, तर 256 प्रयत्नांत नेम लागतो. एचमॅक स्वतः तपासत असाल तर दोन माळा साध्या ‘बरोबर’ चिन्हानं ताडू नका. पहिला बाइट चुकला की ती तुलना लगेच थांबते, आणि थांबायला लागलेल्या वेळेवरून किती बाइट्स जुळले ते बाहेरच्याला मोजता येतं. पायथॉन, पीएचपी, नोड, जावा या सगळ्यांत सारखाच वेळ घेणारी तुलना तयार आहे. आणि नकार कुठल्याही कारणानं असो, बाहेर निरोप एकच जावा: उघडता आलं नाही. तपशील लॉगमध्ये.

एक फालतू वाटणारी गोष्ट खूप छळते, ती रकान्याची रुंदी. 10 अंकी मोबाइल क्रमांक बंद केला की 12 बाइट्स नॉन्स, 16 बाइट्स टॅग आणि किल्लीची आवृत्ती सांगणारा 1 बाइट मिळून 39 होतात. बेस64 मध्ये 52 अक्षरं. रकाना 50 चा ठेवला आणि मायएसक्यूएल ढिल्या सेटिंगवर असलं तर शेवटची दोन अक्षरं गुपचूप कापली जातात. टॅगची शेपटी गेली म्हणजे नेहमीच्या मार्गानं तो डेटा उघडतच नाही. बायनरी रकाना वापरा, आणि ऐसपैस ठेवा.

मोबाइल क्रमांकावरून आठवलं. बंद रकान्यात शोध घेता येत नाही, म्हणून लोक ठरीव नॉन्स वापरतात किंवा ईसीबीकडे परततात. तसं करू नका. शेजारी दुसरा रकाना काढा आणि त्यात क्रमांकाचा एचमॅक वेगळ्या किल्लीनं काढून ठेवा. शोधताना दिलेल्या क्रमांकाचा एचमॅक काढून तो जुळवा. एचमॅकऐवजी साधा हॅश चालणार नाही, कारण 10 अंकी क्रमांक असून असून किती असणार? सगळ्यांचे हॅश काढून ठेवायला एका साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही. सारखे क्रमांक सारखे दिसतात ही या उपायाची किंमत आहे. ती मोजायची की नाही ते रकान्यागणिक ठरवा.

किल्ली. इथं उपदेश खूप झाले आहेत, म्हणून थोडक्यात. ती कोडमध्ये नको, गिटमध्ये नको, डेटाबेसशेजारीही नको. कुणाच्या तरी नावाला जन्मसाल जोडून केलेली 16 अक्षरं म्हणजे किल्ली नव्हे. ती 32 यादृच्छिक बाइट्सची असते. पासवर्डपासूनच किल्ली काढायची असेल तर आर्गॉन2आयडी वापरा आणि प्रत्येकाला वेगळं मीठ (सॉल्ट) द्या. खातेदारांचे पासवर्ड साठवतानाही तेच, आणि ते उलटे उघडता येताच कामा नयेत. मोठ्या कामाला किल्ली सांभाळणारी क्लाउड सेवा किंवा एचएसएम यंत्र वापरतात. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांना यूआयडीएआयनं 2017 मध्ये वेगळी एन्क्रिप्ट केलेली तिजोरी आणि किल्ल्यांसाठी एचएसएम सक्तीचं केलं. आणि तो 1 बाइटचा आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून ठेवा. किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा जुनं कुठलं नि नवं कुठलं हे शोधत बसण्याइतका वेळ कुणाकडे नसतो.

मोठ्या फाइलला एकच टॅग शेवटी येतो, आणि तो तपासून होईस्तोवर उघडलेला मजकूर वापरायचा नसतो. दोन जीबीचा व्हिडिओ मेमरीत धरून कोण थांबणार? मग तुकडे करतात, प्रत्येकाला टॅग लावतात, आणि कुणी तरी तुकड्यांची अदलाबदल करतं किंवा शेवटचे तुकडे कापून फाइल अर्ध्यावर तोडतं. प्रत्येक तुकडा खरा, पत्र मात्र खोटं. म्हणून तुकड्याचा क्रमांक आणि ‘हा शेवटचा’ ही खूण टॅगच्या हिशेबात यायला हवी. लिबसोडियमचं सीक्रेटस्ट्रीम क्रम आपसूक सांभाळतं; ‘हा शेवटचा’ ही खूण मात्र तुम्ही लावायची आणि उघडताना ती आली का ते बघायचं.

एवढं करूनही एक भोक राहतं. गेल्या महिन्यातलं त्याच खात्याचं, त्याच रकान्याचं पुडकं कुणी आज परत ठेवलं तर? पत्ता बरोबर, टॅग बरोबर, शिल्लक जुनी. हे एन्क्रिप्शननं सुटत नाही. जुने कारकून रोजकीर्दीची पानं क्रमानं आकडे घालून ठेवायचे आणि उरलेल्या जागेवर रेघ मारायचे. तसंच करायचं: प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत आधीच्या नोंदीचा एचमॅक गुंफायचा, म्हणजे मधलं पान फाडता येत नाही. शेवटची पानं मात्र फाडता येतात, म्हणून सगळ्यात ताजा एचमॅक रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसाच्या ताब्यात पाठवायचा.

आणि जिथं तपासणाऱ्यावरही विश्वास टाकायचा नाही, तिथं एचमॅक अपुरा पडतो, कारण ज्याच्याकडे तपासायची किल्ली आहे तो खोटं मोर्तबही करू शकतो. तिथं डिजिटल स्वाक्षरी लागते. महाभूमीवरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हे त्याचं रोजच्या वापरातलं उदाहरण. तो कुणीही वाचावा, बँकेनं तपासावा, पण क्षेत्र वाढवून घ्यायची सोय नाही. गुप्तता शून्य, मोर्तब पक्कं.

शेवटी चाचणी. बंद करून उघडलं आणि मजकूर तोच आला, ही चाचणी सगळेच लिहितात. टारस्नॅपची चूकही ती पास झाली असती. लिहायच्या त्या नकाराच्या चाचण्या. एकच मजकूर दोनदा बंद करा. दोन्ही पुडकी वेगळी आली पाहिजेत. एका खात्याचं पुडकं दुसऱ्यात उघडून बघा. नकार आला पाहिजे. टॅगची लांबी कमी करून द्या. आणि पुडक्यातला एकेक बिट आळीपाळीनं उलटा करून दर वेळी उघडायचा प्रयत्न करा. पतसंस्थेच्या त्या तरुणानं मोबाइल क्रमांकाच्या रकान्यावर ही शेवटची चाचणी चालवली. 39 बाइट्स म्हणजे 312 बिट्स, म्हणून 312 नकार यायला हवे होते. आले 304. आठ वेळा क्रमांक बिनतक्रार उघडला. आम्ही चहा मागवला आणि शोधत बसलो. आवृत्तीचा तो एक बाइट पुडक्याच्या पुढे लावला होता, पण एएडीत घालायचा राहिला होता. किल्ली अजून एकच असल्यानं कोड त्याच्याकडे बघतही नव्हता.